उसना उमेदवार बळकट नसतो
न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुका, १७८९ ते १८०७

अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकेच्या अर्थकारणाचा शिल्पकार होता, याबद्दल वाद नाही. परंतु तो पक्ष चालवण्यातही तितकाच निष्णात होता, हे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या राज्यातील निवडणुकांचे आकडे मान्य करत नाहीत. न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद मिळवण्यासाठी त्याने आणि त्याच्या फेडरलिस्ट पक्षाने (म्हणजे नव्या संघीय राज्यघटनेच्या कैवाऱ्यांनी) वारंवार विरोधकांच्याच गोटातला माणूस आपला म्हणून मिरवला. ‘जो निवडून येईल तो बळकट’ या हिशेबाने केलेल्या या उसनवारीतून त्या पक्षाला गव्हर्नरपद एकदाही मिळाले नाही, असे या पत्रकाचे म्हणणे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गव्हर्नर या शब्दाचे ‘राज्यपाल’ असे भाषांतर रूढ असले तरी ते दिशाभूल करणारे आहे, कारण न्यूयॉर्कचा गव्हर्नर कोणी नेमलेला नसे. १७७७ च्या राज्यघटनेनुसार किमान १०० पौंड किमतीची स्वतःची जमीन असलेले मतदार त्याला तीन वर्षांसाठी थेट निवडत. त्याच्या हातात खरे बळ होते ते ‘नेमणूक मंडळा’चे. गव्हर्नर आणि चार सिनेटर यांचे हे मंडळ न्यायाधीश, काउंट्यांचे शेरीफ, इतकेच काय, न्यूयॉर्क शहराचा महापौरही नेमत असे, म्हणजे गावोगावच्या मानाच्या जागा त्याच्या मर्जीने भरल्या जात. अल्स्टर काउंटीचा जॉर्ज क्लिंटन १७७७ पासून या पदावर ठाण मांडून होता, आणि त्याला हलवायचे तर उमेदवार कोणता, हाच फेडरलिस्टांपुढचा प्रश्न होता.

१७८९ मध्ये हॅमिल्टनने दिलेले उत्तर आजही चकित करते. त्याने न्यायाधीश रॉबर्ट येट्स यांचे नाव पुढे केले. हे तेच येट्स, जे फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेतून जुलै १७८७ मध्ये जॉन लॅन्सिंग यांच्यासह निघून गेले होते आणि ज्यांनी १७८८ च्या उन्हाळ्यात पोकीप्सीच्या राज्य परिषदेत संघीय घटनेविरुद्ध मत दिले होते. घटनेसाठी रक्त आटवणाऱ्या पक्षाने वर्ष उलटण्याच्या आत घटनेच्या विरोधकाला डोक्यावर घेतले, ते केवळ क्लिंटनची ग्रामीण मते फुटावीत म्हणून. हॅमिल्टनने ‘एच. जी.’ या सहीने वृत्तपत्रांतून पत्रे लिहिली. त्यांचा रोख क्लिंटनवर होता, आणि तसे होणे भागच होते, कारण येट्स यांच्या राजकारणाची स्तुती करायची तर स्वतःच्याच लेखनाचे खंडन करावे लागले असते. क्लिंटनला ६,३९१ आणि येट्स यांना ५,९६२ मते पडली. ‘अवघ्या ४२९ मतांनी हुकले’ असे या डावपेचाचे समर्थक म्हणतील. पण जिंकले असते तर नेमणुकांची किल्ली कोणाच्या कमरेला लागली असती, याचे उत्तर ते देत नाहीत. शिवाय येट्स यांच्या प्रचार समितीत ॲरन बर नावाचा तरुण वकीलही होता. क्लिंटनने त्याच वर्षी त्याला राज्याचा ॲटर्नी जनरल केले, आणि १७९१ मध्ये बरने हॅमिल्टनचे सासरे फिलिप स्काइलर यांची संघीय सिनेटमधली जागा पटकावली. तेलही गेले, तूपही गेले!

१७९२ मध्ये पक्षाने घरचा माणूस उभा केला. जॉन जे हे संघराज्याचे सरन्यायाधीश, १७७७ च्या राज्यघटनेच्या मसुद्यातील प्रमुख हात आणि संघीय घटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन व मॅडिसन यांच्या जोडीने लेख लिहिणारे. त्यांच्या निष्ठेबद्दल कोणाला विचारायची गरज नव्हती. या निवडणुकीचा निकाल मतदारांनी नव्हे, पेट्या वाहणाऱ्या हातांनी लावला. मतपत्रिका काउंटीच्या शेरीफने राजधानीत पोहोचवायच्या, असा कायदा होता. ओटसीगो काउंटीत जे यांचे पारडे जड होते, पण तिथल्या शेरीफची मुदत संपलेली होती आणि नव्याने अद्याप सूत्रे घेतलेली नव्हती. जुन्यानेच पेटी पाठवली, म्हणून ती अग्राह्य. टायोगा आणि क्लिंटन या काउंट्यांच्या पेट्या वाटेत अधिकृत नसलेल्या हातांत गेल्या, म्हणून त्याही बाद. विधिमंडळाने नेमलेल्या मोजणी समितीने बहुमताने हा निर्णय दिला, त्याला बरने कायदेशीर आधार पुरवला, आणि जॉर्ज क्लिंटन ८,४४० विरुद्ध ८,३३२ अशा १०८ मतांनी विजयी ठरला. शेरीफ नेमणारे मंडळ गव्हर्नरचे आणि मतपेटी शेरीफच्या ताब्यात, हे वर्तुळ ध्यानात घेतले म्हणजे या पदासाठी चाललेल्या झुंजीची तीव्रता कळते. समर्थक हातघाईवर येऊ लागले तेव्हा जे यांनी त्यांना शांत केले.

१७९५ मध्ये क्लिंटनने माघार घेतली आणि त्याच्या गोटाने उमेदवारी दिली ती येट्स यांना! सहा वर्षांपूर्वी फेडरलिस्टांचा असलेला बळकट उमेदवार आता फेडरलिस्टांविरुद्ध उभा राहिला. उसना माल शेवटी मूळ धन्याकडे परतला. जे त्या वेळी ब्रिटनशी तह करण्यासाठी लंडनला गेलेले होते, प्रचाराला एक दिवसही आले नाहीत, तरी १३,४८१ विरुद्ध ११,८९२ मतांनी निवडून आले आणि मे महिन्याच्या अखेरीस बोटीतून उतरल्यावर त्यांना आपण गव्हर्नर झाल्याचे कळले. दैवाचीही साथ होती हे मान्य केले पाहिजे, कारण त्या तहातील कलमे मतदानानंतर उघड झाली आणि मग गावोगाव जे यांचे पुतळे जाळले गेले. तरीही १७९८ मध्ये ते रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांचा पराभव करून पुन्हा आले, आणि १७९९ मध्ये गुलामगिरी क्रमाक्रमाने संपवणाऱ्या कायद्यावर त्यांची सही झाली.

घरचा उमेदवार म्हणजे होयबा नव्हे, हेही जे यांनीच दाखवले. मे १८०० मध्ये विधिमंडळ विरोधकांच्या हाती गेल्यावर हॅमिल्टनने त्यांना लिहिले की, मुदत संपत आलेले जुने विधिमंडळ तातडीने बोलवावे आणि अध्यक्षाचे निर्वाचक निवडण्याची पद्धतच बदलावी. पक्षहितासाठी असे करणे आपल्याला शोभणार नाही, असा शेरा पत्रावर मारून जे यांनी ते दप्तरी लावले. उसन्या उमेदवाराचा नकार म्हणजे केवळ धन्याकडे परतणे असते; जे यांच्या नकाराला वजन होते, कारण तो आतून आलेला होता.

१८०१ मध्ये जे निवृत्त झाल्यावर स्टीफन व्हॅन रेन्सेलर हा स्वतःचा उमेदवार हरताच पक्षाचा धीर सुटला. १८०४ मध्ये त्याने कोणालाच उभे केले नाही. स्वपक्षीयांनी दूर सारलेल्या बरच्या मागे बरेच फेडरलिस्ट धावले. हॅमिल्टनने त्याला कडाडून विरोध केला, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. परंतु त्याने सुचवलेला पर्याय कोण, तर येट्स यांच्यासह फिलाडेल्फिया सोडून गेलेले जॉन लॅन्सिंग! लॅन्सिंग यांनी उमेदवारी सोडली, त्यांच्या जागी आलेले मॉर्गन लुईस ३०,८२९ विरुद्ध २२,१३९ मतांनी जिंकले, आणि ११ जुलै रोजी वीहॉकेन येथे बरच्या पिस्तुलाने हॅमिल्टन कोसळला.

यानंतर तरी खोड मोडायला हवी होती. पण १८०७ मध्ये लुईस यांचे स्वपक्षीयांशी बिनसले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी विरोधात असलेल्या याच लुईस यांना फेडरलिस्टांनी आधार दिला. समोर होता बत्तीस वर्षांचा न्यायाधीश डॅनियल टॉम्पकिन्स, ज्याला त्याचा पक्ष शेतकऱ्याचा पोर म्हणून मिरवत होता. तो ३५,०७४ मते मिळवून आला आणि १८१७ पर्यंत हलला नाही. त्याचे जन्मगाव स्कार्सडेल वेस्टचेस्टर काउंटीत आहे. त्याच काउंटीत, बेडफर्डच्या शेतावर, न्यूयॉर्कचे पहिले आणि शेवटचे फेडरलिस्ट गव्हर्नर जॉन जे सहा वर्षांपासून शेती पाहत होते.