बसा, पण जपून!

टायर आणि मडगार्ड यांच्यामधली ती चार बोटांची गॅप. काहींना ती कधी दिसतच नाही. काहींना एकदा दिसली की रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या गटातल्या मंडळींनो, आजचा कॉलम तुमच्यासाठी. गाडी खाली बसवायची ठरवलीच आहे ना? मग स्प्रिंगच्या आधी शॉकअपचं बोलू.

स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते, तेव्हा तिला आवरतो तो शॉकअप. लोअरिंग स्प्रिंग आखूड, म्हणून मुद्दाम कडक केलेली. कंपनीचा शॉकअप तिला पुरा पडत नाही, शिवाय त्याची दबायची जागाही कमी होते. मग उरतो बंप स्टॉपचा रबर. एका मित्राच्या अशा गाडीत मी कात्रज ते स्वारगेट मागच्या सीटवर बसले होते. प्रत्येक खड्ड्याला 'ठक्'! साहेब मात्र 'लुक बघ ना' करत होते. लुक बाहेरच्यांना दिसतो बॉस, कंबर आतल्यांची जाते. आणि प्रश्न फक्त कमरेचा नाही. उसळलेलं चाक क्षणभर रस्ता सोडतं, तेव्हा त्या चाकाचा ब्रेकही काही कामाचा नसतो.

म्हणून जोडी एकत्रच घ्या. उदाहरणार्थ, बिलस्टाइनचा बी8 हा आखूड स्प्रिंगसाठीच बनवलेला शॉकअप आहे. मात्र तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर असेल तरच खिशात हात घाला. कॉइल कापून 'सेम इफेक्ट' देणाऱ्या गॅरेजवाल्याला लांबूनच नमस्कार. कापलेलं टोक आपल्या जागी नीट बसत नाही.

किती खाली? 2018 ची स्विफ्ट घ्या. ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी. 40 मिमी उतरवली की उरले 123. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 100 मिमी उंच असतो. आपल्या गल्लीतला मापात असतो का, हे तुम्हीच सांगा! त्यात मागे तिघं आणि डिकीत बॅगा. मला विचाराल तर 25-30 मिमी ही लक्ष्मणरेषा.

काम झालं की लगेच व्हील अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतील. आणि त्याआधी आरटीओ व इन्शुरन्सवाल्यांना विचाराच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे.

बजेट एकाच गोष्टीचं असेल, तर चांगले शॉकअप टाका आणि उंची राहू द्या. फोटोत फरक दिसणार नाही. खंबाटकीच्या वळणावर नक्की कळेल.