सावकाश चढा

पावसाळाभर सह्याद्री तुडवलेल्या माणसाला वाटतं, एव्हरेस्ट बेस कॅम्प म्हणजे कळसूबाईचीच जरा लांबलेली चढण. पण कळसूबाई १,६४६ मीटर. लुक्लाच्या धावपट्टीवर पाय ठेवतो तेव्हाच आपण २,८०० मीटरच्या वर असतो. तिथून ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला साधारण आठ दिवस लागतात, आणि त्यातले दोन दिवस मुक्काम न हलवता काढायचे असतात. नामचे बाजारला 'विश्रांती'च्या दिवशी वाटाड्या वर चढवतो आणि झोपायला पुन्हा खाली आणतो. विरळ हवेची सवय लागते ती अशी.

वर दर श्वासाला प्राणवायू जेमतेम निम्मा. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते, रात्री झोप उडते, पुढ्यातला डाळभात नकोसा होतो. इथवर ठीक. पण डोकेदुखीच्या जोडीला उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरायचं.

या वाटेवर सतत कानी पडणारा नेपाळी शब्द म्हणजे 'बिस्तारै', सावकाश. हा अंक वाचून सॅक भरायला घ्याल, तेव्हा सुट्टीत दोन जादा दिवस धरा. आणि डोकं दुखलं तर लपवू नका.