थंडी, व्हिसा आणि आई!

‘डिसेंबरात व्हिएन्ना? खुळी झालीस काय गं?’

ही आईची पहिली रिअॅक्शन. आमच्याकडे पारा पंधराच्या खाली आला की मफलर, कानटोपी आणि ‘बाहेर बाधतंय हं’ असा त्रिकोणी बंदोबस्त सुरू होतो. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जायचं म्हटलं तरी दोन स्वेटर! आणि मी निघाले शून्य डिग्रीत. आयुष्यातली पहिली फॉरेन ट्रिप, तीही एकटी.

मी माझी सगळी अस्त्रं काढली. ख्रिसमस मार्केट, म्युझियम्स, ऑपेरा... आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘आपले राजाराम महाराज गेले होते की तिकडं. परत आले काय?’

बोलती बंद! कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट अर्धवट का होईना, माहीत असते. त्या रात्री मी ती नीट वाचून काढली. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपला गेले. इंग्लंड पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. वय फक्त वीस! गंमत म्हणजे, त्या वेळी इटलीची राजधानी रोम नव्हती, फ्लॉरेन्सच होती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. ज्या मेजर मँटनी पुढे आपला न्यू पॅलेस डिझाइन केला, त्यांनीच ही छत्री डिझाइन केली. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारचा १९७८ चा पूलसुद्धा ‘इंडियानो’, म्हणजे भारतीयाच्या नावानं ओळखला जातो. महाराजांनी प्रवासात डायरी लिहिली होती, ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली.

वीस वर्षांचा मुलगा, सोबत माणसांचा लवाजमा, तरी घरापासून इतका लांब. आईला नेमकी कशाची भीती वाटते, ते तेव्हा थोडं कळलं. थंडी हे तर निमित्त होतं. तिकडं काही झालं तर आपल्या माणसाजवळ कोण असेल, हा तिचा खरा प्रश्न होता.

मग ठरवलं, वाद घालायचा नाही. तयारी करायची आणि ती आईला दाखवायची.

आधी कागद

नोकरी करणाऱ्यांनो, तुम्ही लकी आहात! सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र, काम फत्ते. आमच्यासारख्या फ्रीलान्सरची खरी परीक्षा इथेच. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पण ख्रिसमसच्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाही, त्यामुळे शेवटच्या क्षणाची हिरोगिरी नको. फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही! मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा हवा. आईच्या खऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका कागदात आहे, म्हणून पॉलिसीवरचा इमर्जन्सी नंबर मी फ्रिजवर चिकटवून टाकला.

आता कबुली देते. एका एजंटनं मला सल्ला दिला, ‘मॅडम, आठवडाभर कुणाकडून तरी दोन लाख घ्या, अकाउंटला दाखवा, मग परत करा.’ खोटं कशाला बोलू, मी मामाला फोन लावलाही होता! पण बँक स्टेटमेंट बघणारा माणूस शेवटचा आकडा तेवढा बघून थांबत नाही. महिन्याला पंधरा-वीस हजार येणाऱ्या खात्यात अचानक दोन लाख टपकले तर त्यालाही प्रश्न पडणारच. फोन ठेवला. बारा दिवसांची ट्रिप आठ दिवसांवर आणली. आता खर्च माझ्या खात्याला पेलतो. सोबत इन्कम टॅक्स रिटर्न्स, नियमित काम देणाऱ्यांची पत्रं आणि दिवसवार प्लॅन. बाकी त्यांच्या हातात.

मग कांदा

जर्मन बोलणाऱ्या देशांत थंडीच्या कपड्यांना ‘कांद्याचं तत्त्व’ म्हणतात. पापुद्र्यावर पापुद्रा! अंगालगत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट घेऊ नका. कारण बाहेर शून्य असलं तरी म्युझियममध्ये आणि ट्रॅममध्ये हीटिंग असतं. आत गेलात की घाम, बाहेर आलात की तोच घाम गार! म्हणूनच आतल्या थराला कॉटन नको. ते घाम धरून ठेवतं.

आणि पाय! कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान आहे, पण तिला या वेळी विश्रांती. वॉटरप्रूफ बूट, तेही जाड मोजे घालून ट्राय केलेले. घट्ट बुटात बोटं हलत नाहीत आणि मग पाय जास्तच गारठतात. नवे बूट महिनाभर आधी वापरायला लागा. मी सध्या ते घालून महाद्वार रोडवर भाजी आणायला जाते. लोक बघतात. बघू देत!

फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. लिप बाम आणि मॉइश्चरायझर मुलांनीसुद्धा घ्यायचं, लाजायचं नाही.

आणि घड्याळ

थंडीचा विचार सगळे करतात, अंधाराचा कुणी करत नाही. डिसेंबरच्या शेवटी व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. म्हणजे आपल्याकडे चहाची वेळ झाली की तिकडे दिवस संपला! त्यामुळे प्लॅन उलटा करायचा. दहा ते चार बाहेर भटकायचं, शोनब्रुन पॅलेसची बाग, गल्ल्याबोळ. चारनंतर छपराखाली. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि तिथे ब्रॉयगलचं १५६५ चं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र आहे. बाहेरच्या थंडीतून येऊन ते बघायचं, याची मी आत्तापासून वाट बघतेय. ऑपेराची उभ्यानं बघायची तिकिटं स्वस्त असतात. सिटी हॉलसमोरचं ख्रिसमस मार्केट साधारण २६ डिसेंबरपर्यंत चालतं.

एक सावधगिरी. रविवारी दुकानं बंद, २४ ला दुपारनंतर आणि २५ लाही तेच. त्या दिवसांचं खाणं आधी आणून ठेवायचं. पाण्याचं मात्र टेन्शन नाही. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून नळानं शहरात येतं, बाटली भरा आणि निघा.

हा सगळा प्लॅन मी आईला वाचून दाखवला. इन्शुरन्स, हॉटेलचा पत्ता, तिकडच्या आणि आपल्या वेळेतला साडेचार तासांचा फरक, रोज कधी फोन करणार, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आणि ते फ्लॉरेन्स किती लांब तिथून?’

‘ट्रेननं जाता येतं. व्हिसा तोच चालतो.’

‘मग एक दिवस जाऊन ये. महाराजांजवळ आपलं कोणी जातंय कुठं?’

त्यामुळे आठ दिवसांतले दोन आता इटलीचे. अर्ज मात्र ऑस्ट्रियाकडेच, कारण जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे तो करायचा असतो. पुढच्या आठवड्यात बायोमेट्रिक्स. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, सकाळी सेंटरवर. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा विमानतळावरच्या रांगेसाठी वेळ धरलाय.

व्हिसा मिळेल? माहीत नाही. पोटात गोळा आहेच. पण काल आई बाजारातून आली आणि न बोलता टेबलावर एक पिशवी ठेवली. आत लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड.

‘दोन तुला,’ म्हणाली. ‘आणि तिसरा?’

‘भिजले तर?’