वस्तादाचा राखून ठेवलेला डाव

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच. "सर, पोराला सगळं काम शिकवलं अन् उद्या त्यानं समोरच दुकान टाकलं तर?" इथं हिमायतनगरातही लोक मला हेच विचारतात. वरून म्हण ऐकवतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो.

ही म्हण मला दुकानदाराच्या कामाची वाटत नाही. कारण आपल्याच लातूर जिल्ह्यातला एक वस्ताद बघा. हरिश्चंद्र बिराजदार, गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. घडले कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. १९६९ ला महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तम-ए-हिंद. बेळगावात दिल्लीच्या सतपालला हरवलं, ती कुस्ती जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. एवढं नाव झाल्यावर माणूस नुसत्या सत्कारांवर आयुष्य काढू शकतो. हे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत राहिले. (गंमत बघा, सतपालही पुढे दिल्लीत कोच झाले. सुशील कुमार त्यांचाच चेला.)

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे बिराजदारांकडे शिकला. २०११ ला बिराजदार गेले. पुढची तयारी काका पवारांनी करून घेतली, तेही लातूरकडचेच. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलनं सुवर्णपदक जिंकलं अन् ते बिराजदारांना अर्पण केलं. वस्ताद जाऊन तेव्हा सात वर्षं होत आली होती. एखादा डाव राखून ठेवला असता, तर तो कुणाच्या कामाला आला असता?

आता तालीम अन् दुकान सारखं नाही, मान्य. राहुलनं वस्तादाचं गिऱ्हाईक नेलं नव्हतं. तुमचं पोरगं नेऊ शकतं. पण न शिकवण्याचा तोटा कुणी वहीत मांडत नाही. नांदेडला माल आणायला गेलात की ऐन लग्नसराईत शटर खाली. ताप आला, शटर खाली. दुसरी शाखा तर विसराच.

अन् पोरं सोडून जातात ती शिकवल्यामुळं कमी, पगारामुळं जास्त, असं माझं मत. काम कारागिराचं अन् पगार शिकाऊचा, मग तो थांबेल कशाला? आधी पगार वाढवा. मग येत्या बाजाराच्या दिवशी गल्ल्यावर त्याला बसवा, अन् तुम्ही मागं माल मोजा.