काचेतले ठिपके

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे १९२ लेसर झोतांच्या जोरावर मोहरीच्या दाण्याएवढी हायड्रोजनची गोळी दाबली गेली. लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पोचवली. केंद्रकीय संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ही गोष्ट सांगताना शास्त्रज्ञांचे कौतुक होते, काच बनवणाऱ्यांचे नाव कोणी घेत नाही. आम्हाला हे खटकते.

कारण हा लेसर काचेचा आहे. निओडिमियम मिसळलेल्या फॉस्फेट काचेच्या, प्रत्येकी सुमारे ४० किलोच्या, तीन हजारांहून अधिक लाद्या त्यात आहेत. अशी काच प्लॅटिनमच्या भांड्यात वितळवतात. भांड्याचे बारीक कण काचेत उतरत, नुसत्या डोळ्यांना दिसतही नसत. पण झोत गेला की कण तापे आणि भोवतालची काच तडके. १९८० च्या दशकात तिथल्याच 'नोव्हा' लेसरला या ठिपक्यांनी जेरीस आणले होते. उपाय भट्टीपाशीच सापडला. वितळताना ऑक्सिजन आणि क्लोरीन वायू वापरून प्लॅटिनम काचेतच विरघळवायचे! पुढे जपानच्या होया व जर्मनीच्या शॉट या कंपन्यांनी एकेक लादी ओतण्याऐवजी काच अखंड ओतण्याची रीत बसवली.

अजून पुष्कळ बाकी आहे. २०२२ च्या त्या प्रयोगासाठी लेसरने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज ओढली. झेनॉन दिव्यांची बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि तापलेली काच निवायला काही तास लागतात. वीजघर चालवायचे तर सेकंदाला अनेक झोत हवेत. म्हणून दिव्यांच्या जागी लेसर डायोड आणि लाद्यांमधून वाहता हेलियम वायू, असे प्रयत्न चालू आहेत. लिव्हरमोरने बनवलेला असा एक लेसर चेक देशात बसवला आहे.

आणि फार दूर कशाला जावे? आपल्या इंदुरातच, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, निओडिमियम काचेचे लेसर तयार झाले आहेत.

प्रयोगशाळेच्या तासिका कमी करून संगणकाच्या वाढवाव्यात, असे काही पालक सुचवतात. त्यांची काळजी आम्ही समजतो, पण सूचना आम्हाला मान्य नाही. परीक्षानळी फुटली की नुकसानीच्या वहीत नोंद होते. ती का फुटली, हे विचारायला मात्र तासिकेत वेळ उरत नाही. येत्या अंदाजपत्रकात विश्वस्तांनी प्रयोगशाळेची तरतूद आहे तेवढी तरी ठेवावी आणि आठवीपासून मुलांना बर्नरवर काचनळी वाकवायला द्यावी, अशी आमची विनंती आहे. चार नळ्या फुटतील, त्याचा खर्च धरूनच तरतूद करावी.