पियानोचा जीर्णोद्धार कीं रंगरंगोटी?

जुना ग्रँड पियानो ‘नवा करून’ घरीं आला म्हणजे यजमान प्रथम त्याच्या झांकणावरून हात फिरवितात. त्यांत आपलें तोंड स्वच्छ दिसलें कीं जीर्णोद्धार यथासांग झाला, अशी त्यांची खात्री पटते. आमच्या परिचयाच्या मुंबईंतील एका कुटुंबांत असाच समारंभ झाला. बिलांत पॉलिशचे थर, पितळी चाकें, नव्या फेल्टचा रंग, सर्व कांहीं कलमवार नमूद होतें. तारांविषयीं एकच ओळ होती: ‘जुन्या मापाप्रमाणें नव्या चढविल्या.’ ज्या फळीमुळें वाद्य वाजतें, त्या ध्वनिफलकाविषयीं अक्षरही नव्हतें. पुढें पावसाळा आला, आणि मधल्या सप्तकाच्या खालचे सात-आठ स्वर असे चढले कीं घरांतील मुलीनें वाद्य उघडणेंच सोडलें.

आमचा वाद त्या एका ओळीशीं आहे. ‘जुन्या मापाप्रमाणें’ हे शब्द ऐकतांच आमचा सुशिक्षित वर्ग मान तुकवितो; त्यांत प्रामाणिकपणाचा वास येतो ना! परंतु मिरजेच्या कारागिरानें तंबोऱ्याची जवारी न काढतां नुसत्या नव्या तारा चढवून दिल्या, तर कोणता गवई तो घरीं ठेवून घेईल? घोडीवर तार कशी टेंकते यावर नाद अवलंबून असतो, हें आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. पियानो विलायती म्हणून तेथें मात्र हें ज्ञान आम्ही खुंटीला टांगून ठेवितों.

पियानोची तार घोडीवरून जातांना किंचित् खालीं वळते आणि त्या वळणानें घोडीला दाबते. मोठ्या ग्रँडमध्यें सुमारें २३० ते २४० तारा असतात. त्यांचा एकूण ताण २० टनांच्या घरांत जातो. वळण सरासरी अवघें एक अंश धरलें तरी घोडीवर सुमारें ३५० किलोंचा भार पडतो. दोन अंश धरलें तर ७००. आणि हा भार पेलणारा फलक म्हणजे आठ-नऊ मिलिमीटर जाडीची स्प्रूस लाकडाची फळी! तिला मागून फासळ्या लावून किंचित् फुगीर केलेली असते, म्हणूनच ती टिकते. दाब फार झाला तर ती गुदमरते आणि स्वर लवकर मरतो. दाब नाहींसा झाला तर तारेचें कंपन तिच्यांत नीट उतरतच नाहीं, नाद पोकळ होतो, कधीं तार घोडीवर खरखरतेही. वर्षानुवर्षांच्या भारानें आणि हवेच्या ओल्या-कोरड्या फेऱ्यांनीं हा फुगवटा बसत जातो. तो किती बसला हें पाहण्यास फार मोठीं यंत्रें लागत नाहींत. तारा उतरल्यावर बिडाच्या सांगाड्याच्या दोन टेंकूंमध्यें दोरा ताणावा आणि तो घोडीला किती अडतो तें मोजावें. भार निघाल्यानें फलक थोडा वर येतो, तेवढी सूट धरावी, इतकेंच. मग सांगाडा खालीं बसवितां येतो, घोडीचा माथा उंच करितां येतो, आणि फुगवटा पार गेला असेल तर नवा फलक घालावा लागतो. तिन्हींत कष्ट आहेत, आणि त्यांपैकीं एकही झांकणावर चकाकत नाहीं. खरी अडचण हीच असावी!

आतां तें ‘जुनें माप’. तारेची लांबी, जाडी, ताण आणि स्वर यांचें नातें मेर्सेन या फ्रेंच पंडितानें १६३६ च्या सुमारास ग्रथित केलें. पियानोच्या सर्वांत वरच्या तारेचा बोलणारा भाग जेमतेम ५ सेंटिमीटर असतो. दर सप्तकास लांबी दुप्पट करीत सात सप्तकें उतरलें, तर खालची तार ६ मीटरांहून अधिक लांब होईल. एवढा दिवाणखाना कोणाचा? म्हणून खालच्या तारा आंखूड ठेवून त्यांस तांब्याचे वेढे देऊन जड करितात. पांच फुटी ग्रँडमध्यें जेथें साध्या पोलादी तारा संपून वेढ्याच्या तारा सुरू होतात, तेथें शेवटच्या साध्या तारांस लांबी पुरत नाहीं. त्या सैल राहतात. पावसाळ्यांत फलक फुगून घोडी उचलली जाते तेव्हां ज्या तारांचा मूळ ताण कमी, त्यांचा स्वर प्रमाणानें अधिक हलतो. वर सांगितलेल्या मुलीचे सात-आठ स्वर नेमके येथचेच. तेथें कांहीं साध्या तारांच्या जागीं हिशेबानें वेढ्याच्या तारा घातल्या असत्या, तर ताण वाढून हा उपद्रव बराच कमी झाला असता.

यावर आक्षेप येतो कीं, हा मूळ कर्त्याचा अवमान आहे. आम्ही विचारतों, कोणतें मूळ? आज उतरविलेली तार कारखान्यांतली आहे, कीं मध्यंतरीं कोणा कारागिरानें हातास लागली ती चढविली होती, हें कोणीं तपासलें? फ्रान्सनें १८५९ सालीं ‘ला’ या स्वराचीं कंपनें सेकंदास ४३५ ठरविलीं; १९३९ च्या लंडन परिषदेनें तीं ४४० केलीं. तेवढ्यानेंच त्याच तारेचा ताण शेंकडा दोनांहून अधिक वाढतो. स्टाइनवेंनीं १८५९ त ग्रँडमध्यें तारा एकमेकींवरून तिरप्या नेण्याचें पेटंट घेतलें, १८७२ त तारांच्या न बोलणाऱ्या टोंकांसही बोलतें करण्याचें घेतलें. मूळ कर्ते स्वतःच आपल्या मापांस पवित्र मानीत नव्हते. संग्रहालयांतील वाद्याची गोष्ट निराळी. त्यास हात न लावणेंच बरें. लांकडी सांगाड्याच्या जुन्या पियानोवर आजचा ताण लादणारे उत्साही वीरही आम्हांस नकोतच. ते तर वाद्य मोडूनच थांबतात. पण घरांत रोज वाजावयाच्या वाद्याविषयीं मापें न घेतां निष्ठेची भाषा बोलणें, हा आळस झांकण्याचा सभ्य मार्ग होय.

त्या कुटुंबानें आमच्या सांगण्यावरून कारागिराकडे तीनच गोष्टी मागितल्या: फलकाचा फुगवटा, घोडीवरील दाब आणि प्रत्येक तारेची लांबी व जाडी. ‘असें कांहीं आम्ही लिहून ठेवीत नाहीं,’ असें उत्तर आलें. पियानो अजून दिवाणखान्यांत आहे. त्याच्या झांकणावर हल्लीं एक फुलदाणी आणि दोन तसबिरी असतात.