जालन्याच्या बियाण्याला जगाचा मान मिळाला, मग भुकेचा प्रश्न अजून का सुटला नाही?

जून उजाडला की जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, हसनाबादसारख्या गावांत, दोनच प्रश्न असतात: पाऊस कधी येणार आणि बियाणं कोणतं घ्यायचं? कपाशी, मका, सोयाबीनच्या पिशव्या घरात येतात. ही सगळी विकायची पिकं. त्याच घरातली डाळ आणि भाजी मात्र बऱ्याचदा बाजारातून येते, गहू-तांदूळ रेशनवरून.

पिकवणाऱ्याच्याच घरात हे असं का? हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

जालन्याचा जगाच्या भुकेशी काय संबंध?

१९६० च्या दशकात भारत अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता. उत्पादन वाढवण्यासाठी अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद एकत्र काम करत होते. त्यातूनच १९६४ मध्ये 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. तिचं मादी वाण अमेरिकेतून आलेलं होतं.

पण संकरित बियाण्याची एक अडचण असते. घरचं धान्य राखून पुढच्या वर्षी पेरलं, तर तसं पीक येत नाही. बियाणं दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं. ते करणार कोण?

इथे जालना पुढे आलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको' सुरू केली. शेतकऱ्यांच्याच शेतात 'सीड प्लॉट' घेऊन बियाणं तयार होऊ लागलं. या कामासाठी बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सुरू झाला तो हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने.

मग १९७२ मध्ये काय झालं?

संकरित बियाणं येऊन आठ वर्षं झाली होती. तरी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीवर आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढावे लागले. पाणीच नसेल तर सुधारित बियाणंही उगवत नाही आणि हातात पैसा नसेल तर बाजारातलं धान्य घरात येत नाही, हे तेव्हा कळलं. रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली.

पाण्याचा प्रश्न आजही आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलेला 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प', म्हणजे गावागावांत ज्याला 'पोकरा' म्हणतात तो, त्यासाठीच आला. १५ जिल्ह्यांत जालनाही होता. ठिबक, शेततळं, शेडनेट यांसाठी अनुदान मिळालं.

ज्वारीला भाव जास्त, तरी मका का?

२०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, मक्याचा २,४०० रुपये. तरीही शेतकरी मक्याकडे वळतो. कारण मक्याचा एकरी उतारा जास्त आहे. कोंबडीखाद्य आणि इथेनॉलसाठी त्याला मागणी आहे. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, काढणीला मजूर मिळत नाहीत. शिवाय खरिपातली हायब्रीड काढणीच्या पावसात सापडली की काळी पडते.

म्हणजे शेतकरी चुकतोय असं नाही. नगदी पिकानेच मुलांची फी आणि दवाखान्याचा खर्च भागतो. पण भाव पडला किंवा पावसाने दगा दिला, की घरखर्चात पहिली काटछाट होते ती डाळ, दूध आणि भाजीत.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.२ टक्के झालं. याला फक्त आहार कारणीभूत नाही. आईचं आरोग्य, लवकर लग्न, स्वच्छ पाणी यांचाही त्यात वाटा असतो. पण रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळत असूनही मुलांची वाढ खुंटतेय, याचा अर्थ नुसतं पोट भरणं पुरेसं नाही.

जगातही हेच चित्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७.३ कोटी लोक उपाशी होते. पण सकस आहार परवडत नाही असे लोक जवळपास २६० कोटी होते. २०३० पर्यंत भूक संपवण्याचं उद्दिष्ट जगाने ठरवलंय.

मग करायचं काय?

कपाशीत तूर-मुगाचं आंतरपीक, घराशेजारी परसबाग, ज्वारीची वेळेवर हमीभावाने खरेदी आणि तीच ज्वारी रेशनवर. यातलं काहीच नवं नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून साजरं झालं, तेव्हाही हीच चर्चा झाली होती.

शेतीच्या योजनेचा हिशोब सहसा हेक्टर, क्विंटल आणि अनुदानात होतो. हसनाबादसारख्या गावात पुढची योजना येईल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायला हवा: या घरातल्या लेकराच्या ताटात आठवड्यातून किती वेळा डाळ आणि भाजी आली?